ठाणे स्टेशनपासून ‘सारस्वता’पर्यंत

साहित्याची सफर म्हटली की आपण लेखकाचं घर शोधतो. दारावर संगमरवरी पाटी, आत लिहायचं टेबल, बाहेर आपला एक फोटो. ही अपेक्षा घेऊन जुन्या ठाण्यात गेलात तर हात हलवत परत याल. मी पहिल्यांदा तसाच परतलो होतो. दुसऱ्या खेपेला ठरवलं, घरं शोधायची नाहीत. छापील कागदाचा माग काढायचा.

सुरुवात स्टेशनातच होते. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथे येऊन थांबली, हे प्रत्येक ठाणेकर पाहुण्याला सांगतो. त्यानंतर तेरा वर्षांनी, 1866 मध्ये, काशिनाथ विष्णु फडके यांनी याच गावातून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र काढलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. जिल्ह्याचं ठिकाण, कोर्टकचेऱ्या, शाळा आणि मुंबईला जोडणारी रेल्वे. वाचणारा माणूस इथे होताच, त्याच्यासाठी छापणारेही मग निघाले.

पश्चिमेला बाहेर पडा. रिक्षांच्या आणि फेरीवाल्यांच्या गर्दीतून जांभळी नाक्याच्या दिशेने चालू लागलं की सुभाष पथावर ‘मराठी ग्रंथ संग्रहालय’ लागतं. स्थापना 1 जून 1893. हे नाव जरा सावकाश वाचा. त्या काळी गावोगावच्या वाचनालयांची नावं ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशा थाटाची असत आणि कपाटात मान इंग्रजी पुस्तकांना असे. इथे काही तरुणांनी नावातच ‘मराठी’ घातलं. शिवाय ‘वाचनालय’ न म्हणता ‘संग्रहालय’ म्हटलं. वाचनालय आजच्या वाचकासाठी असतं, संग्रहालय अजून न जन्मलेल्या वाचकासाठीही. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, 1898 मध्ये निघालं. (ठाणेकरांनी यावर फार मिरवू नये. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं आहे.)

या तरुणांपैकी एक विनायक लक्ष्मण भावे. भावे म्हटलं की डोंबिवलीकरांना पु. भा. आठवतात, हे वि. ल., वेगळे. 1893 मध्ये त्यांचं वय अवघं एकवीस. सहा वर्षांच्या आत त्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’, म्हणजे जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास, कोल्हापूरहून निघणाऱ्या विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून छापून आला. तिशीच्या आतल्या माणसाने मराठीचा इतिहास लिहावा, आणि तोही गोष्ट सांगितल्यासारखा!

पण मला त्या पहिल्या छपाईपेक्षा तिच्यात जे नव्हतं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात ‘लीळाचरित्रा’सारखे गद्यग्रंथ तयार झाले होते. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून मठांत जपले. एका अक्षराच्या जागी दुसरं. किल्ली नसेल तर पान समोर असूनही वाचता येत नाही. तुमच्या फोनवरचे मेसेज कुलूपबंद असतात ना, तसंच काहीसं, फक्त कागदावर आणि शतकानुशतकं. बाहेरच्या समाजाने या पंथाकडे संशयानेच पाहिलं, त्यामुळे ती किल्ली मागायला कुणी जाण्याचा प्रश्नच नव्हता. इतिहासाचार्य राजवाडे आणि भावे यांनी ही लिपी उलगडली. शेकडो वर्षांचं मराठी साहित्य एकदम उजेडात आलं, आणि जुना इतिहास तोकडा पडला.

भाव्यांनी काय केलं? स्वतःचं पुस्तक पुन्हा लिहायला घेतलं. 1919 ची वाढवलेली आवृत्ती महानुभाव ग्रंथकारांना सामावून घेते. पहिल्या आवृत्तीने नाव झालेलं असताना आपल्या इतिहासातून एक अख्खी परंपरा सुटली होती हे मान्य करायला धीर लागतो. तो दाखवणारे इतिहासकार आजही मला कमी दिसतात. 1926 मध्ये ते गेले.

संग्रहालयापासून तलावपाळी फार लांब नाही. कोपिनेश्वराच्या देवळावरून मासुंदा तलावाच्या कठड्याशी यायचं. समोर गडकरी रंगायतन, 1978 चं. राम गणेश गडकरी जन्मले गुजरातेतल्या गणदेवीत. पण नाटकाच्या तिकिटांच्या रांगेत जन्मगाव कोण विचारतं? कठड्यावर जोडपी, शेंगदाणेवाले, सेल्फी. मीही तिथेच बसून ‘सारस्वत’ उघडतो. पुस्तक जाडजूड आहे, आणि भाव्यांच्या आवडीनिवडी त्यात लपत नाहीत. एखादा कवी आवडला की ते पानंच्या पानं थांबतात, नाही आवडला की दोन ओळींत त्याची बोळवण.

महानुभावांच्या प्रकरणाशी पोचलो की मात्र ते घाईत नसतात. मग मलाही कल्याणची गाडी एक-दोन सोडून द्याव्या लागतात.