शिंगरूं

घोड्याच्या पिलाला मराठींत शिंगरूं म्हणतात; गाढवाच्या पिलालाही तेंच नांव. डोक्यावर शिंग कधीं उगवायचें नाहीं, तरी नांव मात्र शिंगरूं! वासरूं, कोंकरूं, पाखरूं यांच्या पंगतींत हा शब्द बसतो आणि त्यांच्याप्रमाणेंच नपुंसकलिंगी राहतो. वाढल्यावरच त्या पिलाला घोडा किंवा घोडी म्हणावयाचें. संस्कृतांतील 'किशोर' याचाही अर्थ अमरकोशांत घोड्याचें पिलूं असाच आहे. किशोराला पुढें माणसांत बढती मिळाली. शिंगरूं घोडीच्या मागेंच धांवत राहिलें.

तें धांवणें एका म्हणींत टिकलें आहे : 'घोडें मेलें ओझ्यानें आणि शिंगरूं मेलें हेलपाट्यानें.' ही म्हण राजाच्या पागेंतली नव्हे, वाहतुकीच्या वाटेवरची आहे. आणि अशा वाटा ठाणें जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत पुरातन आहेत. शहापुराकडून थळ घाटानें नाशिककडे जावें, मुरबाडाकडून नाणेघाट चढून जुन्नरास. नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. त्यांत अश्वमेधांची व दानांची गणना आहे. यज्ञाच्या घोड्याला असा पाषाण लाभला. ओझ्याच्या तट्टांना व त्यांच्या पिलांना म्हणच काय ती मिळाली.

व्यालेली घोडी लादून निघाली कीं दूधपितें शिंगरूं आपोआप मागें चालूं लागतें. त्याच्या पाठीवर गोणी नसते, पण चढ तोच, ऊन तेंच, परतीची वाटही तीच. ओझें नाहीं म्हणून त्याचे श्रम कोणी मोजीत नाहीं.

१८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी सुरू झाली आणि पाठीवरची वाहतूक ओसरत गेली. म्हण शहरांत राहिली, पण थोडी आकसून. कचेरीच्या चार खेपा वायां गेल्या कीं गृहस्थ स्वतःला शिंगरूं म्हणवून घेतो! वस्तुतः म्हणींतले हेलपाटे शिंगराच्या स्वतःच्या कामाचे नव्हेत. ते आईच्या ओझ्यामागचे आहेत.

शहापूर-मुरबाडाकडील कित्येक कातकरी कुटुंबें आजही पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर कामाला जातात. मजुरी आईबापांची ठरते. लहान मुलें नुसतीं बरोबर जातात. पावसाच्या तोंडावर तीं गांवीं परततात, तोंवर शाळेचें वर्ष संपलेलें असतें.