ड्रॅग रेसिंगच्या जुन्या 'गॅसर' गाड्यांचं नाक वर का असायचं?

पुढचा भाग उंच उचललेला, पुढची चाकं बारीक, मागची भलीमोठी रुंद आणि बॉनेट कापून वर आलेलं इंजिन. अशा जुन्या अमेरिकन गाड्यांचे फोटो तुम्ही सोशल मीडियावर पाहिले असतील. बघणाऱ्याला हा सगळा नखरा वाटतो. पण १९५० आणि ६०च्या दशकांत या रूपामागे साधं गणित होतं.

गॅसर म्हणजे काय?

अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. नायट्रोमिथेनसारखं खास इंधन न वापरता पेट्रोलवरच शर्यतीत उतरणाऱ्या गाड्या म्हणजे गॅसर. गाडीचं वजन आणि इंजिनाचा आकार यांच्या प्रमाणावरून त्यांचे गट पाडले जात. शर्यत सरळ रेषेत, पाव मैलाची. म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावण्याच्या ट्रॅकच्या एका फेरीएवढी.

सर्वात लाडकी गाडी होती विलिसची १९३३ ते १९४१ या काळातली दोन दारांची कूपे. हीच कंपनी पुढे जीपमुळे जगभर गाजली आणि तिच्या जीप महिंद्रानं मुंबईत जोडल्या. विलिस कूपे आखूड, हलकी आणि जुनी झाल्यामुळे स्वस्तात मिळायची.

नाक वर कशासाठी?

तेव्हाच्या टायरांची पकड कमी होती. जोरात सुटताना मागची चाकं जागेवरच फिरायची. गाडी सुटताना तिचा भार मागे सरकतो, आणि गाडी जितकी उंच तितका तो जास्त सरकतो. म्हणून पुढे सरळ आडवा अ‍ॅक्सल बसवून गाडी उचलली जायची. वजन घटवण्यासाठी फायबरग्लासचं बॉनेट आणि मडगार्ड लागायचे. इंजिनावरचा सुपरचार्जर अनेकदा ट्रक-बसच्या डिझेल इंजिनावरून काढलेला असे.

धावायच्या कशा?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सुपरचार्जर लावलेल्या अव्वल गॅसर हे अंतर दहा-अकरा सेकंदांत कापत. शेवटी वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटरपर्यंत जाई, तोही वीस-तीस वर्षं जुन्या सांगाड्यात! 'बिग जॉन' मॅझमॅनियन यांची लाल विलिस आणि स्टोन-वूड्स-कुक यांची 'स्विंडलर' यांच्यातली चुरस तर फार गाजली. कॅमशाफ्ट बनवणाऱ्या कंपन्या मासिकांत जाहिराती देऊन तिला आणखी हवा देत. वर्णभेदाच्या त्या काळात स्टोन आणि वूड्स हे कृष्णवर्णीय मालक होते, तर चालक डग कुक गोरे. तिघांची नावं एकाच दारावर रंगवलेली असायची.

मग संपलं कसं?

टायर सुधारले, तसं नाक वर ठेवण्याचं कारणच उरलं नाही. उंच गाडी वाऱ्याला अडते आणि वेगात डगमगते. १९६६-६७च्या सुमारास हलक्या, बुटक्या 'फनी कार' आल्या आणि प्रेक्षक तिकडे वळले. विलिसवर अनेक विजय मिळवणारे 'ओहायो जॉर्ज' माँटगोमेरी यांनीही १९६७ मध्ये मस्टँग घेतली.

आज हौशी लोक पुन्हा तशाच नाक वर केलेल्या गाड्या बनवतात. आता टायर उत्तम आहेत. तेव्हाची गरज आज शैली झाली आहे.