तारकाम
तारकाम : धातूची तार वाकवून, गुंफून वा जोडून शोभेच्या वस्तू घडविण्याची कला. बारीक तारेने नट किंवा वस्तू अधांतरी टांगून उड्डाणाचा आभास निर्माण करण्याच्या रंगभूमीवरील व चित्रपटातील तंत्रासही ही संज्ञा लावता येते. बारीक असूनही भार पेलणे, हा तारेचा गुण दोहोंच्या मुळाशी आहे. मात्र पहिल्या प्रकारात तार नजरेत भरावी लागते, तर दुसऱ्यात ती लपवावी लागते.

शोभेच्या कामासाठी धातूची कांडी पोलादी पट्टीतील क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढतात. ओढल्याने तार ताठर होते, म्हणून ती अधूनमधून तापवून मऊ करतात. महाराष्ट्रीय नथीतील मोती सोन्याच्या तारेत ओवलेले असतात. पैठण व येवले येथील पैठणीच्या पदरात जर विणतात. अस्सल जरीसाठी चांदीची चपटी केलेली तार रेशमी धाग्यावर गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देतात. ओडिशातील कटकची तारकशी प्रसिद्ध आहे.

रंगभूमीवर नटाच्या वेषाखाली पट्टा बांधून त्यास तार जोडतात व ती कप्पीवरून प्रतिभाराच्या साहाय्याने ओढतात. लंडन येथील पीटर पॅन (१९०४) ह्या नाटकातील उड्डाणे याच तंत्राने साधली होती. भारतात दादासाहेब फाळके यांच्या लंकादहन (१९१७) सारख्या पौराणिक चित्रपटांनी अशा चमत्कारदृश्यांची गोडी लावली. मुंबईत विजय भट्ट यांच्या ख्वाब की दुनिया (१९३७) ह्या चित्रपटात बाबुभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणसाचा आभास निर्माण केला. त्यावरून त्यांस ‘काला धागा’ हे नाव पडले. संपूर्ण रामायण (१९६१) व पारसमणि (१९६३) हे त्यांनी दिग्दर्शित केलेले चित्रपट होत.

माणूस टांगताना मात्र एक पेच होता : तार जितकी बारीक तितकी ती कमी दिसते, परंतु तुटण्याचा धोकाही तितकाच वाढतो. त्यामुळे प्रेक्षकाचा भ्रम व नटाची सुरक्षितता यांत कारागिरास सतत तडजोड करावी लागे. तार काळवंडून तिची चकाकी घालविणे व पार्श्वभूमी गडद ठेवणे, हे त्यावरील जुने उपाय होत. क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन (२०००) सारख्या चित्रपटांत तारा संगणकाने पुसून टाकण्यात आल्या. ह्या सोयीमुळे जाड व भक्कम तार वापरता येऊ लागली. तरीही उड्डाणाचा डौल तार ओढणाऱ्या, पडद्यावर कधीही न दिसणाऱ्या हातांच्या तालावरच अवलंबून राहतो.