प्रमाण आणि प्रक्षिप्त

ज्या कथेचे कर्ते अनेक आणि वारसही अनेक, तिच्या वाट्यास एक प्रश्न हटकून येतो : यांतलें मूळचें कोणतें आणि मागाहून घुसडलेलें कोणतें ? आपल्याकडे हा प्रश्न महाभारताच्या निमित्तानें सुशिक्षितांच्या परिचयाचा झालेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं चिकित्सित आवृत्तीचें काम आरंभिलें, बाराशेंहून अधिक हस्तलिखितें तपासलीं आणि १९६६ सालीं तें काम तडीस नेलें. जवळजवळ अर्धें शतक विद्वानांनीं ज्या प्रश्नासाठीं वेंचलें, तोच प्रश्न आज घरोघरचीं मुलें अमेरिकेंतील ‘सुपरहिरों’च्या चित्रपटांसंबंधानें विचारीत असतात. अमका चित्रपट ‘धरावयाचा’ कीं नाहीं, अमकी मालिका ‘कॅनन’, म्हणजे प्रमाण, आहे कीं नाहीं, असा वाद जेवणाच्या पाटावरही चालतो. वडील मंडळींस त्याचें हंसूं येणें स्वाभाविक आहे. परंतु कथेवर हक्क कोणाचा हा जुना प्रश्नच या पोरखेळाच्या आडून आपल्यापुढें उभा आहे, असें आमचें मत असल्यामुळें त्याचा इतिहास थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

या कथांचा आरंभच मुळीं एका विक्रीनें झाला. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघां तरुणांनीं निर्मिलेला सुपरमॅन १९३८ सालीं प्रथम छापला गेला, आणि त्याचे सर्व हक्क प्रकाशकानें अवघ्या १३० डॉलरांस घेतले. कर्ता एक आणि धनी दुसरा, ही व्यवस्था तेव्हांपासूनची आहे. पुढें १९४० मध्यें निरनिराळ्या चित्रकथांतील नायक एका मंडळांत जमलेले दाखविण्यांत आले आणि सामाईक कथाविश्वाची कल्पना रूढ झाली. एका नायकाच्या नगरांत दुसरा येऊं लागला कीं एकाचा इतिहास दुसऱ्यास बंधनकारक होतो. आणि बंधन आलें कीं विसंगति आलीच.

ती विसंगति प्रथम ‘फ्लॅश’ नामक वेगवान नायकाच्या बाबतींत उघड झाली. १९५६ सालीं प्रकाशकानें जुना फ्लॅश बाजूस सारून त्याच नांवाचा नवा पुरुष निर्माण केला. मग जुन्याचें काय झालें ? १९६१ सालच्या एका कथेंत लेखक गार्डनर फॉक्स यांनीं मोठी चतुर तोड काढली : दोन पृथ्वी आहेत, जुना नायक एकीवर, नवा दुसरीवर. कोणासही खोटें न ठरवितां दोघांस नांदविण्याची ही युक्ति उदार होती खरी. पण औदार्यासही मर्यादा असते. पृथ्वींची संख्या वाढतां वाढतां वाचकांची मति गुंग होऊं लागली, तेव्हां १९८५-८६ सालीं बारा अंकांच्या एका कथेंत त्या सर्वांचा संहार करून एकच पृथ्वी उरविण्यांत आली. प्रमाण कोणतें तें ठरविण्याचे दोन मार्ग तेथपर्यंत सिद्ध झाले : एक सर्वांस जागा देणारा, दुसरा संपादकाच्या आज्ञेनें छाटणी करणारा. चित्रपटांच्या युगांत यांपुढें एक तिसरा मार्ग निघाला. तो म्हणजे करारनाम्याचा.

मार्व्हल कंपनी १९९६ सालीं दिवाळखोरींत गेली. त्या आगेमागेच्या काळांत तिचे नायक निरनिराळ्या चित्रसंस्थांत वांटले गेले : एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडरमॅन सोनीकडे, हल्क युनिव्हर्सलकडे. एकत्र कुटुंबाची वाटणी होऊन भाऊ-भाऊ परस्परांचे उंबरठे चढत नाहींसे व्हावे, तशी ही स्थिति झाली. कागदावर जे शेजारी, ते पडद्यावर एकमेकांस ओळखीत नव्हते. आणि याचें कारण कथेंत नसून दस्तऐवजांत होतें. कंपनीनें २००८ सालीं ‘आयर्न मॅन’पासून स्वतःचें चित्रविश्व उभारिलें, २००९ सालीं डिस्नेनें ती कंपनीच विकत घेतली, २०१५ सालीं सोनीशीं करार होऊन स्पायडरमॅन पाहुणा म्हणून आला, आणि २०१९ सालीं फॉक्स डिस्नेच्या पोटांत गेल्यावर एक्स-मेनही स्वगृहीं परतले. त्याच २०१९ मध्यें सोनी आणि डिस्ने यांचें कांहीं आठवडे बिनसलें, तेव्हां स्पायडरमॅन या विश्वाचा राहतो कीं जातो, याचा निकाल लेखकाच्या मेजावर न लागतां हिशेबनिसांच्या बैठकींत लागला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

प्रमाणाचा निर्णय प्रत्यक्षांत कसा होतो, हें पाहावयाचें असल्यास ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या २००८ सालच्या चित्रपटासारखें दुसरें उदाहरण नाहीं. तो या विश्वांतील दुसराच चित्रपट. त्याच्या शेवटीं आयर्न मॅन येऊनही गेला होता. पण २०१२ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्यें हल्कची भूमिका एडवर्ड नॉर्टनकडून मार्क रफालोकडे गेली, आणि त्या पहिल्या चित्रपटाची आठवण काढीनासें झालें. तो बाद, असें कोणीं जाहीर केलें नाहीं. तो धरावा, असेंही कोणीं आग्रहानें सांगितलें नाहीं. पुढें २०१६ सालीं त्यांतील जनरल रॉस दुसऱ्या एका चित्रपटांत त्याच नटाच्या रूपानें अवतरला. २०२१ सालीं त्यांतला खलपुरुष एका कुस्तीच्या आखाड्यांत दिसला. आणि २०२५ च्या ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्यें तर, जो शास्त्रज्ञ मस्तकांत विषारी रक्त भिनून विकृत होऊं लागला असतां २००८ सालीं अर्धवट सोडून दिला होता, तोच, त्याच नटानें रंगविलेला, सतरा वर्षांचा जाब विचारावयास पुढें आला ! वाळीत टाकलेला आप्त पंक्तीस बसला, तो कोणाच्या हुकुमानें नव्हे, तर पुढील कथेस त्याची गरज लागली म्हणून.

याच्या उलट दूरचित्रवाणीवरील ‘एजंट्स ऑफ शील्ड’ या मालिकेचें झालें. २०१३ ते २०२० अशीं सात सत्रें ती चालली. चित्रपटांत जें घडे त्याची ती निष्ठेनें दखल घेई. २०१४ च्या एका चित्रपटांत तिचें संघटनच मोडून पडलें, तेव्हां तिनें आपल्या कथेची दिशाही बदलली. परंतु चित्रपटांनीं तिची दखल कधींच घेतली नाहीं. धाकट्यानें थोरल्यास मान द्यावा आणि थोरल्यानें त्याचें नांवही काढूं नये, असा हा प्रकार. ‘डेअरडेव्हिल’ ही २०१५ सालची मालिका मात्र दैववान निघाली. २०२१ सालीं तिचा नायक स्पायडरमॅनच्या चित्रपटांत वकील म्हणून बसलेला दिसला आणि चित्रगृहांत टाळ्या पडल्या. २०२४ च्या आरंभीं डिस्नेच्या अधिकृत कालक्रमांत तिला स्थान मिळालें. २०२५ सालीं तिची पुढील कथाही सुरू झाली. येथें टाळी आधीं आणि शिक्का मागाहून, हा क्रम वाचकांनीं नजरेआड करूं नये.

गंमत अशी कीं, हा व्यवहार कंपनीनें २०२१ सालीं ‘लोकी’ या मालिकेचा विषयच करून टाकिला. तींत काळाचा एकच ‘पवित्र’ प्रवाह मान्य करणारें एक सरकारी थाटाचें कार्यालय आहे. भलती फांदी फुटली कीं तेथील कारकून ती छाटून टाकतात. ज्यांची फांदी छाटली त्यांचें दुःख मालिकेनें खरें मानिलें आहे. छाटणारानेंच तें लिहावें यांत थोडा उपरोध आहे. पण त्यांत थोडी सदसद्विवेकबुद्धिही आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रतिस्पर्धी डीसी विश्वांत हेंच नाट्य अधिक कठोरपणें घडलें. दिग्दर्शक झॅक स्नायडर यांनीं कन्येच्या मृत्यूमुळें २०१७ सालीं ‘जस्टिस लीग’चें काम सोडलें, दुसऱ्यानें तें पुरें केलें आणि दोन तासांचा चित्रपट लोकांपुढें आला. रसिकांनीं मूळ दिग्दर्शकाच्या प्रतीची मागणी वर्षानुवर्षें लावून धरली, त्याच निमित्तानें आत्महत्या-प्रतिबंधक संस्थेसाठीं मोठा निधिही जमविला, आणि २०२१ च्या मार्चमध्यें चार तासांची ती प्रत प्रसिद्ध करणें मालकांस भाग पडलें. एकाच कथेच्या दोन संहिता आज उभ्या आहेत : एक मालकाची, एक कर्त्याची. त्यानंतर वर्षा-दीड वर्षानेंच, २०२२ च्या ऑगस्टमध्यें, चित्रण पुरें झालेला ‘बॅटगर्ल’ हा चित्रपट नव्या मालकांनीं कराच्या हिशेबासाठीं कायमचा कुलुपांत टाकला. तो प्रमाण कीं अप्रमाण, हा प्रश्नच उरला नाहीं; कारण तो सर्वसामान्य प्रेक्षकांपुढें आलाच नाहीं. पुढें जेम्स गन यांच्या हातीं सूत्रें येऊन २०२५ सालीं नव्या सुपरमॅनसह नव्या विश्वाचा पहिला चित्रपट आला. परंतु गन यांची स्वतःची ‘पीसमेकर’ ही मालिका जुन्या विश्वांतील, ती सोडवेना. तेव्हां तिच्या दुसऱ्या सत्राच्या आरंभीं ‘मागील कथासूत्र’ दाखवितांना जुन्या मंडळाच्या जागीं नवें मंडळ बसविण्यांत आलें. मागील पान फाडलें नाहीं. त्यावर नवी चिठ्ठी डकवली.

आतां या सर्वांवरून काय निष्पन्न होतें ? महाभारताच्या संपादकांपुढें कर्ता नव्हता, मालक नव्हता, आणि कोणता श्लोक ठेवल्यानें आपणांस लाभ होईल ही चिंताही नव्हती. शिवाय जे श्लोक त्यांनीं मूळ संहितेंतून वगळले, ते जाळले नाहींत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेविले. ज्यास हवे त्यानें ते वाचावे. आमच्या मतें न्यायाची कसोटी हीच आहे. पुढील कथा कोणत्या पायावर रचावयाची, हें ठरविण्याचा अधिकार ती रचणारास असलाच पाहिजे. एरव्हीं एकही नवी गोष्ट लिहितां येणार नाहीं. पण अमकें आम्ही पुढें चालविणार नाहीं असें म्हणणें निराळें, आणि अमकें झालेंच नाहीं असें म्हणणें निराळें. पहिला संपादकाचा धर्म आहे. दुसरा सत्तेचा मद आहे. ‘बॅटगर्ल’च्या बाबतींत ही रेषा ओलांडली गेली, आणि शेकडों कलावंतांचे श्रम परिशिष्टांतही उरले नाहींत.

प्रेक्षकांच्या बाजूसही एक कर्तव्य आहे. एखादा चित्रपट अधिकृत यादींतून गळला म्हणून त्यावर ढाळलेले अश्रु खोटे ठरत नाहींत. २०१७ सालच्या ‘लोगन’मध्यें ह्यू जॅकमन यांच्या वृद्ध नायकाचें मरण ज्यांनीं पाहिलें, त्यांच्या लेखीं तें मरण कायमचें आहे, २०२४ सालच्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरीन’मध्यें आरंभींच त्याचें थडगें उकरून त्याच्या अस्थींनीं मारामारीची थट्टा केली, आणि तोच नट दुसऱ्या विश्वांतील नायक म्हणून परत आणला, तरीही त्या पहिल्या मरणास धक्का लागला नाहीं. म्हणून घरांतील मुलें ‘हा धरावयाचा का ?’ असें विचारतील, तेव्हां त्यांस यादी दाखवून गप्प बसवूं नये. तुला तो चित्रपट आठवतो का, त्यांतील माणसें तुझ्या मनांत अजून बोलतात का, असें उलट विचारावें. यादी आजवर अनेकदां बदलली आहे आणि पुढेंही बदलेल. हल्कचा तो विसरलेला शास्त्रज्ञ सतरा वर्षांनीं परतला, तो कांहीं जणांनीं त्यास ध्यानांत ठेविलें होतें म्हणूनच.