मोडलेल्या विवाहाची दोन दप्तरे

वसईच्या कॅथलिक समाजात विवाहाचा दाखला मिळवणे मुळीच अवघड नाही. माणूस होळीचा असो, पापडीचा असो की निर्मळचा, ज्या चर्चमध्ये विवाहसंस्कार झाला तेथील धर्मगुरूंकडे वर्ष आणि नावे सांगितली की नोंदवही उघडली जाते व दाखला हाती पडतो. परंतु तोच विवाह पुढे मोडला असेल आणि मोडल्याचा पुरावा हवा असेल, तर शहाणीसुरती माणसेही गोंधळून जातात. पुनर्विवाह, वारसाहक्क, पासपोर्ट, परदेशी जाण्याची परवानगी अशा अनेक निमित्तांनी हा पुरावा मागितला जातो. कोणी धर्मप्रांताच्या न्यायासनाचा निर्णय घेऊन सरकारी कचेरीत जातो आणि रिकाम्या हाताने परततो. कोणी न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन धर्मगुरूंकडे येतो आणि त्यालाही नकारच ऐकावा लागतो. मोडलेल्या विवाहाची दप्तरे दोन आहेत आणि एकाची खबर दुसऱ्याला नसते. हे असे का झाले, हे इतिहासात पाहिल्यावाचून उलगडत नाही.

घटस्फोटाला मराठीत 'काडीमोड' असा जुना शब्द आहे. अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडली की नाते संपत असे; त्याचा कागद होत नसे, पंचांची साक्ष हाच पुरावा. वसईच्या ख्रिस्ती समाजाची वाट मात्र निराळी झाली. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने विवाहासंबंधी महत्त्वाचा आदेश काढला. विवाह धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर व्हावा, आणि वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस व स्थळ धर्मगुरूंनी वहीत नोंदवावे, असे त्यात ठरले. विवाह लेखनिविष्ट झाला तो असा. मोडण्यासाठी मात्र वहीत रकाना नव्हता, कारण विधिवत झालेला विवाह मृत्यूवाचून तुटत नाही ही धर्मसभेची शिकवण.

जुने पोर्तुगीज कागद चाळणाऱ्याने येथे एक सावधगिरी बाळगावी. त्या काळच्या धार्मिक न्यायालयांच्या कागदांत 'दिव्होर्सियु' हा शब्द आढळतो आणि त्याचा अर्थ आजच्या घटस्फोटासारखा घेण्याचा मोह होतो. वस्तुतः तो पतिपत्नींनी विभक्त राहण्याचा आदेश असे. बंधन कायम राही आणि दोघांपैकी कोणालाही दुसरा विवाह करता येत नसे. अशा कागदावरून पूर्वजाच्या दुसऱ्या लग्नाचा तर्क बांधला, तर वंशावळच चुकते.

१७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकली. त्या घटनेचे राजकीय परिणाम सर्वश्रुत आहेत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा एक दूरगामी परिणाम फारसा ध्यानात घेतला जात नाही. गोव्याचा कॅथलिक पोर्तुगीज कायद्याखाली राहिला. वसईचा कॅथलिक आधी मराठ्यांच्या आणि मग इंग्रजांच्या अमलाखाली आला. गोव्यात १९१० च्या कायद्याने घटस्फोट आला. पुढे पोर्तुगाल आणि परमधर्मपीठ यांच्यात १९४० साली करार झाला व १९४६ च्या हुकुमाने तो वसाहतींना लागू करण्यात आला. चर्चमध्ये झालेला विवाह धर्मसभेच्या न्यायासनाने शून्य ठरवला, तर तो निर्णय वरिष्ठ न्यायालयामार्फत मुलकी दप्तरात उतरावा, अशी सोय त्यात होती. म्हणजे तेथे दोन दप्तरांमध्ये एक पूल बांधला गेला. वसईत तो कधीच बांधला गेला नाही.

इंग्रजी अमलात येथे दोन कायदे आले. १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा पहिला आणि १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा दुसरा. १८७२ च्या कायद्याने कॅथलिक धर्मगुरूंनी लावलेल्या विवाहांची विवरणे दर तीन महिन्यांनी सरकारच्या महानिबंधकाकडे पाठवण्याची तजवीज केली. विवाह झाल्याची वार्ता चर्चकडून सरकारकडे जाण्याचा मार्ग असा तयार झाला. विवाह मोडल्याची वार्ता जाण्याचा किंवा येण्याचा मार्ग मात्र कोणत्याच कायद्याने आखला नाही.

१८६९ चा कायदा इंग्लंडमधील १८५७ च्या कायद्याच्या धर्तीवर बेतलेला होता आणि त्यात स्त्रीवर उघड अन्याय होता. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. शिवाय जिल्हा न्यायाधीशाने दिलेला हुकूमनामा उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अंतिम होत नसे आणि त्यासाठी किमान सहा महिने थांबावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ साली या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. संसदेने २००१ साली कायदा दुरुस्त करून स्त्रीपुरुषांना समान कारणे दिली, परस्परसंमतीचा घटस्फोट आणला आणि उच्च न्यायालयाच्या मंजुरीची अट काढून टाकली.

दोन दप्तरांतील हा दुरावा किती महाग पडू शकतो, हे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या केरळच्या एका प्रकरणावरून दिसते. एका स्त्रीचा पहिला विवाह धर्मसभेच्या न्यायासनाने शून्य ठरवला होता. त्या निर्णयावर विसंबून तिने दुसरा विवाह केला. पुढे दुसऱ्या पतीने न्यायालयात धाव घेतली आणि तिचा पहिला पती हयात असल्याने आपला विवाह अवैध ठरवावा, अशी मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. धर्मसभेच्या न्यायासनाचा निर्णय १८६९ च्या कायद्यापुढे टिकत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. तिच्या हातात कागद होता, पण तो एकाच दप्तराचा होता. धर्मसभेच्या निर्णयांना मुलकी मान्यता मिळावी म्हणून कर्नाटकातील एका कॅथलिक वकिलांनी पुढे केलेली याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली फेटाळली.

आता प्रत्यक्ष शोध कसा घ्यावा ते पाहू.

धर्मसभेच्या दप्तराचा शोध बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपासून सुरू करावा. १९०७ साली रोमहून निघालेल्या आदेशाने प्रत्येक विवाहाची टीप वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत करणे बंधनकारक झाले. १९८३ च्या धर्मसंहितेतील १,१२३ वा नियम त्यापुढे जातो. विवाह शून्य ठरला किंवा मृत्यूखेरीज अन्य मार्गाने विधिवत विसर्जित झाला, तर तीही टीप विवाहाच्या आणि बाप्तिस्म्याच्या अशा दोन्ही वह्यांत करावी, असे तो सांगतो. म्हणून दाखला मागताना 'समासातील सर्व टिपांसह' असे स्पष्ट लिहावे. त्या टिपेत निर्णयाचा दिनांक आणि न्यायासनाचा उल्लेख सापडला की पुढची वाट मोकळी होते. वसई धर्मप्रांत २२ मे १९९८ रोजी मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या निर्णयासाठी मुंबईच्या महाधर्मप्रांताकडे आणि नंतरच्या निर्णयासाठी प्रथम वसईच्या धर्मप्रांत कार्यालयाकडे विचारणा करावी. १९२८ पूर्वीचा कागद असेल, तर वसईवर पोर्तुगीज पाद्रुआदोचा अधिकार होता, हे ध्यानात ठेवून दमण व गोवा येथील धर्माधिकाऱ्यांच्या दप्तरांचाही विचार करावा.

खटल्यातील जबान्या गोपनीय असतात. त्या मागू नयेत, मिळणारही नाहीत. परंतु आपल्या वैयक्तिक स्थितीसंबंधीच्या, स्वभावतः सार्वजनिक असलेल्या कागदांची अधिकृत प्रत मिळण्याचा हक्क संबंधित व्यक्तीला धर्मसंहितेच्या ४८७ व्या नियमाने दिला आहे. तो हक्क अदबीने, पण निःसंकोच वापरावा.

न्यायालयाच्या दप्तराची रीत वेगळी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी काउंटीच्या न्यायालयाचा लिपिक घटस्फोटांची नावानिशी सूची ठेवतो आणि शोधणारा तेथून सुरुवात करतो. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या नोंदींसारखे घटस्फोटांचे स्वतंत्र सरकारी पुस्तक नाही. न्यायालयाचा हुकूमनामा हाच घटस्फोटाचा दाखला. त्यामुळे खटला कोणत्या न्यायालयात चालला, हा पहिला प्रश्न.

पतिपत्नी वसईत राहत असतील, तर जिल्हा न्यायालयाचा अधिकार लागतो. वसईत जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून त्यापूर्वीच्या प्रकरणासाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षातही चौकशी करावी. नोकरीमुळे दांपत्य मुंबईत राहत असेल, तर १९८९ नंतरचे प्रकरण मुंबईच्या कुटुंब न्यायालयात असण्याचा संभव आहे. १९९७ पूर्वीचा जिल्हा न्यायालयाचा हुकूमनामा मिळाला म्हणून शोध संपला असे मानू नये. उच्च न्यायालयाने तो कायम केल्याचा आदेशही हवा. त्यावाचून तो कागद अर्धाच.

न्यायालय कळले की नक्कल विभागात अर्ज करावा. अर्जात दोन्ही पक्षांची पूर्ण नावे, प्रकरणाचा क्रमांक व वर्ष, निकालाचा दिनांक आणि निकालपत्र व हुकूमनामा या दोहोंची प्रमाणित प्रत हवी असल्याचे लिहावे. क्रमांक ठाऊक नसेल, तर अंदाजे वर्ष देऊन नोंदवहीचा शोध घेण्याची विनंती करावी. अलीकडच्या प्रकरणांना सोळा अक्षरांकांचा स्वतंत्र सीएनआर क्रमांक असतो. तो मिळाल्यास काम सोपे होते. पक्षकाराला प्रत हक्काने मिळते. त्रयस्थाने, अगदी मुलाने किंवा नातवाने मागितली, तरी कारण नमूद करावे लागते. सगळे कागद न्यायालय कायमचे ठेवत नाही. काही ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात. म्हणून उशीर करू नये. प्रत परदेशात द्यायची असेल, तर तिच्यावर अपोस्टिल लागते. भारत या व्यवस्थेत २००५ साली सामील झाला.

दोन्ही कागद हाती आले की त्यांचे अर्थ वेगळे ठेवावेत. हुकूमनामा नागरिक म्हणून आपली स्थिती सांगतो, न्यायासनाचा निर्णय श्रद्धावंत म्हणून. मुलकी घटस्फोट झालेल्या व्यक्तीला तेवढ्यावर चर्चमध्ये पुन्हा विवाह करता येत नाही. आणि न्यायासनाच्या निर्णयावर झालेला दुसरा विवाह, हुकूमनाम्यावाचून, कायद्याच्या दृष्टीने गुन्हाही ठरू शकतो. येथे सर्वाधिक झळ स्त्रीला बसते. पोटगी, वारसा, मुलांचे नाव हे सारे तिच्या दुसऱ्या विवाहाच्या वैधतेवर उभे असते.

आपल्या समाजात मोडलेल्या विवाहाविषयी बोलणे टाळले जाते. घरातील वडीलधारी मंडळी कागद कपाटाच्या तळाशी लपवतात, कधी फाडूनही टाकतात. त्यामागील वेदना समजण्यासारखी आहे. परंतु कागद नाहीसा केल्याने घडलेले पुसले जात नाही, फक्त पुढच्या पिढीच्या वाट्याला अंधार येतो. १७३९ नंतर दोन दप्तरांमध्ये जो पूल राहून गेला, तो आज कोणा एका धर्मगुरूला किंवा वकिलाला बांधता येणार नाही. पण न्यायासनाचा निर्णय हाती देताना 'आता न्यायालयाचाही हुकूमनामा घ्या' एवढे जर प्रत्येक वेळी सांगितले गेले, तर १९९६ च्या त्या स्त्रीवर आला तो प्रसंग वसईच्या एखाद्या लेकीवर येणार नाही.