शार्कोचं पाऊल : न दुखणारी मोडतोड

युद्धांच्या इतिहासावर बोलणारा माणूस आज पावलाच्या सांध्यांवर का बोलतोय, असं वाटेल. पण पायदळात लांब मार्चनंतर जवानांचे बूट-मोजे उतरवून तळवे बघतात. ‘दुखत नाही, साहेब’ एवढ्यावर तपासणी थांबत नाही.

पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तं शार्को यांनी १८६८ साली एक विचित्र गोष्ट नोंदवली. मज्जारज्जूच्या एका आजारात (सिफिलिसमुळे होणाऱ्या) रुग्णांचे सांधे सुजून खिळखिळे होत, पण त्या मानाने वेदना फारच कमी. १८८१च्या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेपासून शार्कोंचं नाव या विकाराला चिकटलं. माझ्या मते थोडा मान फिलाडेल्फियाच्या जॉन कर्सली मिचेल यांनाही द्यायला हवा. पाठीचा कणा आणि सांधे यांचं नातं त्यांनी १८३१मध्येच मांडलं होतं. त्यांच्याच मुलाने, वीअर मिचेल यांनी, अमेरिकन यादवी युद्धात नसांना गोळ्या लागलेल्या सैनिकांवर उपचार केले.

मग वाद पेटला. नसा सांध्याचं पोषण सांभाळतात, ते तुटलं की सांधा ढासळतो, असं शार्को म्हणत. जर्मनीतले फोकमान आणि फिर्खो म्हणत, बधिर सांध्याला मार बसतच राहतो, कारण माणूस थांबत नाही. आज दोन्ही बाजूंत तथ्य मानतात.

१९३६ साली विल्यम जॉर्डन यांनी हा विकार मधुमेहाशी जोडला. आज मधुमेह हेच त्याचं मुख्य कारण आहे. आपल्याकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांचे बधिर पाय तपासत होते. रोगजंतूंपेक्षा चालणंच पायाचा नाश करतं, हे त्यांनी दाखवलं. तळव्याला घट्ट बसणारं प्लास्टर पुढे त्यांनी अमेरिकेत कारव्हिलला वापरलं.

आमचे एक निवृत्त सुभेदारसाहेब, पंधरा वर्षांची साखर. पाऊल सुजलं, लाल झालं. ‘मुरगळला असेल’ म्हणून क्रेप बँडेज मिळालं. दुखत नव्हतं, त्यामुळे त्यांचा मॉर्निंग वॉक दीड महिना चालूच राहिला. तळव्याची कमान खाली बसली, पाऊल होडीच्या बुडासारखं गोल झालं.

सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. म्हणून मधुमेह्याचं एकच पाऊल सुजलं आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, तर आधी त्यावर भार देणं थांबवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. प्लास्टर कित्येक महिने राहतं. दोन्ही पावलांचं तापमान जवळजवळ सारखं होऊन टिकेपर्यंत ते काढत नाहीत.