शेतसाऱ्याची डिफॉल्ट व्हॅल्यू

मंडळी, आज थोडा इतिहास, पण सुरुवात आमच्या धंद्यातून. सर्व्हर शे-दोनशे झाले की प्रत्येकाची सेटिंग हाताने कोण भरणार? म्हणून पपेट, अ‍ॅन्सिबल असली टूल्स. त्यात डिफॉल्ट व्हॅल्यू देऊन ठेवायची, म्हणजे कोणी काही सांगितलं नाही तर हीच धर. ग्रुपला वेगळी हवी तर ग्रुपला द्या, एकाच मशीनला हवी तर त्या मशीनला. जितकं नेमकं, तितका त्याचा शब्द वरचढ.

गंमत म्हणजे हीच रचना इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात शेतसाऱ्यासाठी केली होती!

आधी प्रिंगलने शेतांचं निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के सारा ठरवला. कागदावर झकास, पण मोजणी सदोष आणि सारा जड. इंदापुरात जमिनी ओस पडल्या. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच नव्याने सुरुवात केली. गावांचे गट पाडले. हवामान, बाजाराचं अंतर बघून गटाचा कमाल दर ठरवला. मग मातीची खोली आणि पोत बघून शेताची प्रत लावायची, १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंत. चुनखडी, वाळू, उतार असा एकेक दोष निघाला की एक प्रत खाली. म्हणजे ग्रुपचा डिफॉल्ट आणि शेताचा ओव्हरराइड. दर ३० वर्षं कायम.

मला ही पद्धत मनापासून आवडते. पण एक भोक राहिलं.

पुणे-नाशिक रस्त्यावरचं आंबेगाव तालुक्यातलं पेठ घ्या. पश्चिमेला भीमाशंकरला धो धो पाऊस, पूर्वेकडे येता येता तो आटत जातो. हा जागेतला फरक गटाच्या दरात बसवता येतो. पण त्याच गावात यंदा पावसाने दडी मारली तर? त्याला व्हेरिएबलच नव्हतं! सूट मिळायची ती अपवाद म्हणून. एरवी सारा ठरलेला, तोही रोख. मग शेतकरी जाणार कुठे? सावकाराकडे.

३० वर्षं संपली आणि १८६७ मध्ये इंदापुरात फेरआकारणी झाली, ती अमेरिकन यादवीने चढवलेल्या भावांच्या मागोमाग. सारा वाढला, पुढे भाव पडले. १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली: गटाला ३३ टक्के, गावाला ६६, एका खातेदाराला १००. आमच्या भाषेत व्हॅलिडेशन. पण उशीर झाला होता. १२ मे १८७५ ला सुप्यात दंगा पेटला, आणि पुढे गावोगाव सावकारांकडची कर्जाची खतं जाळली गेली. कारणं अनेक होती, सारा हे त्यातलं एक.

थोडक्यात काय, डिफॉल्ट म्हणजे न बोलणाऱ्याच्या वतीने दुसऱ्याने घेतलेला निर्णय. म्हणून कोड तपासताना मी आधी बघतो की कुठली गोष्ट बदलते, पण तिला पॅरामीटरच नाही? आणि चुकीची किंमत महागात पडणार असेल तिथे डिफॉल्ट देऊच नये. पपेट मग सरळ एरर देऊन थांबतं. एरर निदान दिसतो तरी. गुपचूप लागू झालेला डिफॉल्ट दिसत नाही.

असो. घरी सातबारा असेल तर 'आकार' पुढचे रुपये-पैसे बघा. त्या आकड्याची मुळं इथेच आहेत.